उलट्या दाराचं कपाट

३ फेब्रुवारी

व्हॅक्यूम क्लीनर आला. चालतो. तरी दिवसभर जीव जळतोय.

त्या साइटवर वस्तूखाली किंमतच नसते. नुसती एक रिकामी चौकट, आणि वर लिहिलेलं – आपली किंमत सांगा. आपण आकडा टाकायचा, तिकडून विकणारा हो किंवा नाही म्हणतो. तो कोण, कुठला, काही दिसत नाही. मी दोन दिवस विचार करून, नव्याच्या निम्म्याहून कमी आकडा टाकला. फोन खाली ठेवायच्या आत 'मान्य' आलं.

इतक्या लवकर? म्हणजे अजून कमी सांगितलं असतं तरी चाललं असतं. दुकानदाराने फसवलं तर त्याला शिव्या तरी देता येतात. इथे मीच मला फसवलं.

नवरा म्हणाला, "हवा होता, मिळाला, स्वस्तात मिळाला. आता तोंड का वाकडं?" लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला काय सांगणार. त्याच्या जगात वर आणि खाली, दोनच गोष्टी.

६ फेब्रुवारी

साइट दाखवली ती डागवालीने. आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मी काउंटरला आणि ती मागे, डाग काढायला. तिने तिथून अख्खा सोफा घेतलाय. वर आणणाऱ्या हमालांनी जास्त पैसे घेतले म्हणते, सोफ्यापेक्षा.

तिचा सल्ला – पहिला आकडा लाज वाटेल इतका कमी टाकायचा. "लाज वाटली नाही तर समज, जास्त सांगितलंस."

११ फेब्रुवारी

नवऱ्यासाठी कोट मागवला होता. फोटोत झकास. हातात आला तर आतलं अस्तर बगलेपासून खिशापर्यंत फाटलेलं, आणि वास असा की दुकानात आणला असता तर मी स्वतःच काउंटरवरून परत पाठवला असता.

हेल्पलाइनला फोन केला. मुलगी गोड होती.

"मॅडम, किंमत आपणच सांगितली होती ना?"

"हो. पण कोट फाटका आहे हे कुणी सांगितलं नव्हतं."

"आपल्या किमतीत जे बसतं ते आलं, मॅडम."

तीन वेळा विचारलं, तीन वेळा त्याच गोडव्याने तेच. परत घेत नाहीत. बदलून देत नाहीत. विकणाऱ्याचं नाव देत नाहीत. मग बाकीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते वाचत बसले. एकाला फ्रिज आला, आत एकही कप्पा नाही. एकीने लेकीला सायकल घेतली, तिला ब्रेक नाहीत. एका आजोबांनी लिहिलंय, "मी त्यांना किंमत सांगितली आणि त्यांनी मला माझी." त्यांच्यासाठी वाईट वाटलं आणि हसूही आलं.

उद्या खातं बंद करणार.

१२ फेब्रुवारी

नाही केलं. एक टेबल लॅम्प बघून ठेवलाय.

१९ फेब्रुवारी

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून साइट चाळत होते. एक कपाट दिसलं. लाकडी, गडद पॉलिश, दोन दारांचं. फोटोत एकच दार उघडलेलं. कारण दुसरं उघडताच येत नाही – डावं दार उघडलं की ते उजव्या दारावर जाऊन बसतं.

ते दार बाबांनी बसवलंय. बिजागऱ्या कडेला लावायच्या त्या मधल्या पट्टीला लावल्या. सुताराने चूक दाखवली तर म्हणाले, "मुद्दाम केलंय. एका वेळी एकच दार उघडावं, धूळ कमी जाते." मरेपर्यंत कबूल केलं नाही. असं दुसरं कपाट कुठे असूच शकत नाही.

आईचं कपाट. बाबा गेल्यावर ती दादाकडे राहायला गेली तेव्हा थोडंच सामान बरोबर नेलं – हे कपाट, तिचा पलंग, वाचायचा दिवा, वेताची खुर्ची, चहाचा सेट. बाकी सगळं वाटून टाकलं.

आणि आता खाली रिकामी चौकट. आपली किंमत सांगा.

डागवालीने मागून हाक मारली, कुणाच्या तरी शर्टावरची शाई जात नाही म्हणून. मला आधी ऐकूच आलं नाही.

२० फेब्रुवारी

वहिनीचं काम असणार. दादाला कपाट आणि भिंत यांतला फरक कळत नाही, तो विकायला कुठला जातो. वहिनीला घर कसं मोकळं मोकळं लागतं. पाहुणे आले की म्हातारीचं सामान डोळ्यांत खुपत असेल.

नवरा म्हणाला, "दादाला सरळ फोन कर आणि विचार."

करणार नाही. तीन वर्षं झाली. आईला मी माझ्याकडे नेते म्हणाले, तेव्हा सगळ्या नातेवाइकांसमोर तो म्हणाला होता, "तुला आई नकोय. आईला सांभाळल्याचं श्रेय हवंय." मावशी तिथे होती, काका होते, कुणी त्याला अडवलं नाही. त्या दिवसापासून त्या घराची पायरी चढलेले नाही. आई रविवारी फोनवर बोलते. पाच मिनिटं. तब्येत, हवा, जेवलीस का. तेवढ्यावर आमचं चाललंय.

२१ फेब्रुवारी

आकडा टाकला. डागवालीच्या सल्ल्याप्रमाणे, लाज वाटेल इतका. खरं तर लाज वाटली नाही, बरं वाटलं. माझ्याच बापाच्या कपाटाचे वहिनीला एवढेही का द्यायचे?

तासाभराने उत्तर – "विक्रेत्याला आपली किंमत मान्य नाही." त्याखाली विकणाऱ्याने दोन ओळी लिहिल्या होत्या. "कपाट मजबूत आहे. डावं दार उलटं उघडतं. सवय होते."

सवय होते म्हणे. आमच्या दाराची सवय ही आम्हाला शिकवणार.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साइट उघडली तर आईच्या पलंगाचाही फोटो, त्यावर आडवी पट्टी – विकला गेला. वाचायचा दिवा, विकला गेला. वेताची खुर्ची, विकली गेली. मी एका कपाटाकडे बघत बसले आणि इथे अख्खी खोली गेली.

अकराला आईचा फोन आला. नेहमीसारखाच आवाज.

"काय करतेस?" मी विचारलं.

"काही नाही. जरा पडलेय."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? पलंगावर. असं काय विचारतेस?"

मी म्हटलं, सहज. ती म्हणाली, "तिकडे थंडी आहे का ग?" एकाच शहरात राहतो आम्ही. मी म्हटलं, आहे. तिने ठेवला.

शेजारी वहिनी उभी असेल. नाहीतर आई माझ्याशी खोटं का बोलेल? म्हातारीला जमिनीवर झोपवलंय, वर तिच्याच तोंडून पलंग म्हणवून घेतायत. नवरा म्हणाला, "आत्ता जाऊ या." मी म्हटलं, तसं गेलं तर दादा दारातच काहीतरी टाकून बोलेल आणि मी उलट्या पावली परत येईन. हातात पुरावा पाहिजे. कपाट आधी माझ्या नावावर होऊ दे. मग बघते.

२६ फेब्रुवारी

कपाटावर आणखी कुणीतरी बोली लावली आहे. साइटच सांगते – "आणखी एका ग्राहकाला ही वस्तू हवी आहे." माझ्यापेक्षा बरीच जास्त. मी वाढवली. नामंजूर. त्याने वाढवली. डागवाली म्हणते, असा कुणी नसतोच, साइटवालेच पेटवायला खोटं गिऱ्हाईक उभं करतात. खरं असेल. नाहीतर एका उलट्या दाराच्या कपाटासाठी कोण एवढा जीव टाकेल?

२७ फेब्रुवारी

तो पुन्हा वर गेला. मेला.

१ मार्च

विकणाऱ्याला एक छोटा निरोप पाठवता येतो हे आज कळलं. लिहिलं – "का विकताय?"

उत्तर आलं – "जागा कमी आहे."

तीन खोल्या, वर गच्ची, आणि जागा कमी. मग राहवलं नाही. लिहिलं – "कपाट ज्या म्हातारीचं आहे तिला विचारलंत का? ती कुठे झोपते हल्ली?"

पाठवल्यावर कळलं, आता वहिनी मला ओळखणार. ओळखू दे.

३ मार्च

दोन दिवस काही नाही. आज उत्तर. "विचारलं. तिची हरकत नाही."

दुपारी एक गिऱ्हाईक ब्लेझरचं बटण हरवलं म्हणून आलं. त्याला म्हटलं, बटण तुम्हीच हरवलं असेल, आम्ही काय चावून खाल्लं? मालकांनी आत बोलावलं. "बाई, तुम्ही असं कधी बोलत नाही." मी म्हटलं, हल्ली बोलते.

४ मार्च

मान्य.

माझी किंमत. त्या दुसऱ्यापेक्षा कमी होती, तरी मला मान्य केलं. खात्यातून पैसे गेले, आणि आता पहिल्यांदा पत्ता दिसला. दादाचा नाही. शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा, ज्या गल्लीत मी उभ्या आयुष्यात पाय ठेवला नाही. खाली लिहिलंय – सामान स्वतः न्यावे, जिना आहे.

वहिनीने गोदाम घेतलं की काय?

८ मार्च, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

नवऱ्याने ओळखीचा टेम्पो आणला. गाडीत मी काय काय बोलायचं ते घोकत होते. गल्लीत किल्ल्या बनवणाऱ्याचं दुकान, त्याच्या बाजूने लाकडी जिना, वर एकच दार. मी वाजवलं.

आईने उघडलं.

अंगात बाबांचा जुना स्वेटर, केस नीट विंचरलेले. मला बघून म्हणाली, "आलीस? टेम्पोवाल्याला सांग, जिना अरुंद आहे, कपाट आडवं करावं लागेल."

तिच्या मागे बघितलं. एक खोली. खिडकीशी छोटी शेगडी, कोपऱ्यात गुंडाळलेली गादी, दोन खोकी. आणि भिंतीला कपाट, पुसून लख्ख केलेलं.

"तू इथे काय करतेस?"

"राहते."

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाली तेव्हापासून."

"दादाने तुला–"

"त्याचं नाव मधे आणू नकोस. त्याने काही केलं नाही. मी आपणहून निघाले."

नवरा म्हणाला, मी खाली थांबतो, आणि खरंच गेला. त्याला कधी जायचं ते कळतं, एवढं म्हणायला हवं.

आईने गादी उलगडली, मला बसवलं. मग सांगितलं. दादाकडे सगळं हातात मिळायचं, पाणीसुद्धा. शेगडीजवळ जायचं नाही, जिना एकटीने उतरायचा नाही. एकदा दादा तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर तिला विचारत होते आणि उत्तरं दादा देत होता. "आणि म्हणाला, आता ती अगदी लहान मुलासारखी झालीये. मी तिथेच बसले होते ग. खुर्चीवर. त्याच्या शेजारी." त्यानंतर तिने खोली शोधली. बाबांची पेन्शन भाड्यात जाते. सामान हट्टाने सगळं इथे आणलं, मग पाय टाकायला जागा उरली नाही, आणि महिनाअखेर हातात काही उरेना. दादा पैशांचं पाकीट घेऊन दोनदा आला. दोनदा परत पाठवला. आता येत नाही.

"मग एकेक विकायला काढलं. खालच्या किल्लीवाल्याची बायको फोटो काढून देते. बाकीचं शिकले मी. अवघड काही नाही त्यात."

म्हणजे सवय होते म्हणणारी ती. जागा कमी आहे म्हणणारी ती. तिची हरकत नाही म्हणणारीही तीच.

"आई, कपाट मी मागतेय हे तुला–"

"पहिल्या दिवसापासून माहीत होतं. विकणाऱ्याला नाव दिसतं. घेणाऱ्यालाच दिसत नाही."

"मग नाही का म्हणालीस?"

ती कपाटाच्या कप्प्यातला कागद काढून त्याची घडी घालत होती. वर न बघता म्हणाली, "किती कमी सांगितलंस ग. आधी मला वाटलं, एक शून्य चुकून राहिलं असेल."

"मला वाटलं वहिनी विकतेय."

"हो ना. म्हणजे वहिनीला किती द्यायचे असतात तेही कळलं मला."

खालून किल्ली घासण्याचा आवाज येत होता.

"शेवटी मला का दिलंस? दुसरा जास्त देत होता ना?"

"देत होता. चांगलं गिऱ्हाईक आहे तो. घासाघीस करत नाही. दिवा, पलंग, सगळं त्यानेच नेलं, माणूस पाठवून. त्याला नाही म्हणताना जिवावर आलं." घडी खोक्यात ठेवली. "पण तू विचारलंस ना, म्हातारी कुठे झोपते म्हणून. म्हटलं, चला, निदान विचारलं तरी. दे हिला."

"रविवारी पलंगावर पडलेय म्हणालीस. खोटं कशाला?"

"खरं सांगितलं असतं तर तू लगेच दादाला फोन केला असतास. माझ्यासाठी नाही, त्याला ऐकवायला. तुमच्या भांडणात मला कुणाच्याच बाजूची साक्ष द्यायची नाहीये."

मी म्हटलं, माझ्याकडे चल. आत्ता, याच टेम्पोतून. ती हसली. "तुझ्याकडे एकदा पाय घसरला की तूही डॉक्टरला तेच सांगशील. नाही म्हणू नकोस. सांगशील."

मग मी पर्स उघडली. म्हटलं, कपाट इथेच राहू दे आणि मी पूर्ण पैसे देते. तेव्हा मात्र तिचा चेहरा बदलला.

"ठेव ते आत. व्यवहार झालाय. परत घेत नाही मी. नियम वाचले नाहीस का?"

टेम्पोवाल्याने आणि नवऱ्याने कपाट आडवं करून उतरवलं. आई वरून सांगत होती, दार बांधा, ते उलटं आहे, अचानक उघडतं. निघताना मी पाया पडले. तिने पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, सामान नेणाऱ्या माणसांच्या वाटेतून बाजूला व्हावं लागलं म्हणून.

९ मार्च, रविवार

अकराला फोन आला. तब्येत, हवा, जेवलीस का. मी विचारलं, कुठे बसलीयेस? म्हणाली, गादीवर. निदान आज खरं बोलली.

कपाट आमच्या खोलीत मावत नाही. पॅसेजमध्ये उभं केलंय. नवरा बाथरूमला जाताना अंग चोरून जातो आणि काही बोलत नाही. त्याचं न बोलणं मला जास्त लागतं.

१२ मार्च

आईवरचा राग तीन दिवसांत निवळला. दादावरचा वाढला. आई म्हणते त्याने काही केलं नाही. तेच तर. काही केलं नाही! दोनदा पाकीट परत आलं म्हणून हा माणूस घरी बसला? आई जमिनीवर झोपते, अंगाखालचा पलंग विकून महिना काढते, आणि हा वरच्या मजल्यावर गच्चीत बसून चहा पीत असेल. आणि मला म्हणाला होता, श्रेय हवंय. आता बघतेच कुणाला काय हवंय ते. डागवालीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जा आणि तोंडावर बोल. असे डाग आत ठेवले की पक्के होतात."

शनिवारी जाणार. तीन वर्षांचं सगळं एकदाच बोलून टाकणार.

१५ मार्च, शनिवार

दादा कामावर होता. दार वहिनीने उघडलं. मी तिथेच सुरू केलं – आई, पलंग, जमीन. ती मनगट धरून मला मागच्या खोलीत घेऊन गेली.

आईचा पलंग. त्यावर धुतलेली चादर. उशाशी वाचायचा दिवा, खिडकीशी वेताची खुर्ची, तिपाईवर चहाचा सेट.

"पाकीट घेत नाहीत त्या," वहिनी म्हणाली. "मग हे असं. यांच्या ऑफिसातल्या एकाचं नाव घालून मागवतात. आई मान्य करतील तो आकडा. परत येतील तेव्हा त्यांचं सगळं जागच्या जागी असावं म्हणतात. तू आईंना बोलू नकोस हं."

समोरची भिंत मोकळी होती. जमिनीवर खडूने चौकोन आखून ठेवलेला.

"तेवढं कपाट राहिलं," ती म्हणाली. "यांनी खूप वाढवलं. पण कुणीतरी कमी किमतीत नेलं म्हणे."